यान्का कुपालाचा मग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिन्स्कहून आलेला एक पांढरा मग गेली काही वर्षं माझ्या टेबलावर आहे. एका बाजूला मिशीवाल्या कवीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला त्याच्या कवितेची ओळ. त्याच्याविषयी लिहिल्यापासून मला प्रश्न येत असतात. कुणाच्या घरी तसाच मग आहे, कुणाला तो भेट द्यायचाय, कुणी स्वतः छापून घ्यायच्या विचारात आहे. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मगावरचा हा मिशीवाला माणूस कोण आहे?

यान्का कुपाला, बेलारूसी भाषेतला सगळ्यात मानाचा कवी आणि नाटककार. ७ जुलै १८८२ रोजी मिन्स्कच्या वायव्येला व्याझिन्का नावाच्या छोट्या वस्तीत त्याचा जन्म झाला. वडील दुसऱ्याची जमीन खंडाने कसायचे. ते १९०२ मध्ये गेले. त्या काळात यान्काने शिकवण्या केल्या, कारकुनी केली, दारूच्या भट्ट्यांवर मजुरीही केली.

त्याची छापून आलेली पहिली बेलारूसी कविता १९०५ची, मिन्स्कमधल्या एका वृत्तपत्रातली. तिचं नाव 'मुझिक', म्हणजे आपल्याकडे 'कुणबी' म्हणतो तसा माणूस. पहिला संग्रह 'झालेयका' १९०८ मध्ये पीटर्सबर्गला निघाला. झालेयका म्हणजे गुराख्याचा पावा. १९१२च्या 'पाव्लिन्का' या विनोदी नाटकाचे प्रयोग मिन्स्कमध्ये त्याच्याच नावाच्या नाट्यगृहात पिढ्यान् पिढ्या होत आले आहेत.

एक गोष्ट लक्षात घेतली की बाकीचं आपोआप कळतं. झारच्या राज्यात १९०५च्या आसपासपर्यंत बेलारूसी भाषेत काही छापायला जवळजवळ वावच नव्हता. ही खेड्यातल्या लोकांची बोली, तिच्यात कसलं साहित्य, असं म्हणणारे पुष्कळ होते. कुपालाने त्याच भाषेत आयुष्यभर लिहिलं. त्याचा चेहरा मगावर, पिशवीवर, पोस्टकार्डावर दिसतो तो त्यामुळे.

२. 'कुपाला' हे त्याचं आडनाव का?

नाही, ते टोपणनाव आहे. खरं नाव इवान दामिनिकाविच लुत्सेविच. यान्का हे इवानचं घरगुती रूप, आपल्याकडे ज्ञानेश्वरचा 'ज्ञाना' होतो तसं. 'कुपाला' आलं ते 'कुपाल्ये' या सणावरून. उन्हाळ्याच्या मध्यावर, वर्षातल्या सगळ्यात छोट्या रात्रींच्या सुमारास हा सण येतो. लोक शेकोट्या पेटवतात, त्यांवरून उड्या मारतात, मुली डोक्यावरचे फुलांचे मुकुट नदीत सोडतात. त्या एकाच रात्री फर्नला फूल येतं आणि ते ज्याला सापडेल त्याचं भाग्य उजळतं, अशी समजूत आहे. कवीचा जन्म या सणाच्या दिवसांतला. त्यामुळे मगावर फुलांचा मुकुट, शेकोटी किंवा फर्नचं पान दिसलं तर ती नुसती सजावट नाही, त्याच्या नावाचा अर्थच तिथे काढलेला आहे.

३. मगावर 'नारोद्नी पाएत' लिहिलंय. याला मराठीत राष्ट्रकवी म्हणायचं की लोककवी?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण दोन्ही शब्द थोडे चुकतात. 'नारोद' म्हणजे लोक, जनता. 'बेलारूसचा नारोद्नी पाएत' ही सरकारने दिलेली अधिकृत पदवी आहे. ती सर्वांत आधी १९२५ मध्ये कुपालाला मिळाली आणि पुढच्या वर्षी याकुब कोलस या दुसऱ्या कवीला. शब्दाला शब्द ठेवला तर 'लोककवी' होतं, पण मराठीत त्या शब्दाबरोबर डफ, तुणतुणं, शाहिरी फड डोळ्यांसमोर येतो. कुपाला फडावर गाणारा शाहीर नव्हता. कर्नाटकाने कुवेंपूंना 'राष्ट्रकवी' म्हटलं, तिथे राज्याने केलेल्या सन्मानाचा अर्थ आहे आणि तो इथे जास्त जुळतो. मी स्वतः 'बेलारूसचा राष्ट्रकवी' असं लिहिते आणि पदवीचा उल्लेख असेल तिथे 'जनतेचा कवी' हा शब्दार्थ जोडते. भेट देताना चिठ्ठीवर 'राष्ट्रकवी' लिहिलंत तर काही बिघडत नाही.

४. माझ्या मगावर १८८२–१९५६ असं आहे. मृत्यूचं साल चुकलंय का?

साल बरोबर आहे, कवी दुसरा आहे. तुमच्याकडे याकुब कोलसचा मग आहे. हा घोटाळा इतक्यांचा होतो की त्याला कारणच तसं आहे. दोघं १८८२चे. कुपाला जुलैचा, कोलस ३ नोव्हेंबरचा. दोघांनी टोपणनावं घेतली. कोलस म्हणजे धान्याचं कणीस आणि त्याचं खरं नाव कान्स्तान्त्सिन मित्स्केविच. दोघांना मिशा, दोघांना तीच पदवी. त्यात त्यांच्या लिपीत दोघांच्या नावांची आद्याक्षरंही तीच येतात. देवनागरीतसुद्धा 'या. कु.' आणि 'या. को.' एवढाच फरक उरतो.

कोलसची ओळख 'नोवाया झ्यामल्या' (नवी भूमी) या दीर्घकाव्यामुळे. स्वतःच्या मालकीची जमीन मिळावी म्हणून झुरणाऱ्या कुटुंबाची ती गोष्ट आहे. मगावर बसलेल्या माणसाचा पुतळा आणि शेजारी व्हायोलिनवाला मुलगा असेल तर तो मिन्स्कच्या याकुब कोलस चौकातला पुतळा. कुपालाचा मिन्स्कमधला पुतळा उभा आहे, त्याच्याच नावाच्या बागेत.

५. कुपालाची सालं १८८२–१९४२. तो युद्धात मारला गेला का?

लढाईत नाही. जून १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यांत त्याचं मिन्स्कमधलं घर जळालं, हस्तलिखितं गेली. तो रशियात गेला. २८ जून १९४२ रोजी मॉस्कोतल्या 'मोस्क्वा' हॉटेलच्या जिन्याच्या पोकळीत पडून त्याचा मृत्यू झाला. साठ वर्षं पूर्ण व्हायला नऊ दिवस उरले होते. तो पडला, की त्याला ढकललं गेलं, की त्याने स्वतःच उडी घेतली, यावर आजही एकमत नाही. १९३० मध्ये अधिकाऱ्यांच्या जाचाच्या काळात त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला होता, हेही लोक आठवतात. त्याच्या अस्थी १९६२ मध्ये मिन्स्कला आणून सैनिकी दफनभूमीत ठेवल्या.

भेट देताना कुणी हे विचारलं तर एवढं सांगणं पुरे. 'आत्महत्या' किंवा 'खून' असा ठाम शब्द वापरू नका.

६. मगावर छापलेली ओळ कुठली असते?

बहुतेकांनी पाठवलेल्या फोटोंत दोनच कविता येतात.

पहिली 'आ ख्तो ताम इजे?', म्हणजे 'कोण चाललंय तिकडे?'. १९०५ ते १९०७ या काळातली. कविता सगळी प्रश्नोत्तरांची आहे. एवढ्या अफाट जमावाने कोण चाललंय? बेलारूसी. त्यांच्या वाळलेल्या खांद्यांवर काय आहे? त्यांच्यावर झालेला अन्याय. तो कुठे नेतायत? साऱ्या जगापुढे. या लाखोंना कुणी जागं केलं? संकटाने, दुःखाने. आणि शेवटचा प्रश्न: युगानुयुगे तुच्छ लेखलेल्या या आंधळ्या-बहिऱ्या लोकांना हवंय तरी काय? उत्तर दोन शब्दांचं, 'ल्युद्झ्मी झ्वात्सा'. माणूस म्हणवून घेणं.

मॅक्सिम गॉर्कीने १९११ मध्ये ही कविता रशियनमध्ये आणली आणि ती बेलारूसबाहेर पोचली. मराठी वाचकाला हे शेवटचं उत्तर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ज्या समाजात माणूस म्हणून जगण्याच्या हक्कासाठी पाण्याच्या तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाची ही भाषा आहे.

माझी एकच तक्रार आहे. पुष्कळ मगांवर फक्त पहिला प्रश्न छापतात आणि उत्तर गाळतात. जागा एकाच ओळीची असेल तर प्रश्न सोडा आणि ते शेवटचे दोन शब्द घ्या.

दुसरी कविता 'स्पाद्चिना', म्हणजे वारसा, १९१८ची. तिची सुरुवात अशी: पणजोबांपासून, कितीतरी युगांपासून मला एक वारसा मिळाला आहे, आपल्या माणसांत आणि परक्यांत तो मला आईच्या मायेसारखा. 'पेस्न्यारी' या गायकवृंदाने ती गायली, म्हणून तिथल्या अनेकांना ती गाणं म्हणूनच पाठ असते. घरातल्या वडीलधाऱ्यांना द्यायच्या मगासाठी मला हीच योग्य वाटते.

७. या ओळी मोठ्याने वाचायच्या तर उच्चार कसे करायचे?

मराठी माणसाला हे हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा सोपं जातं. आपल्याकडे च आणि ज दोन प्रकारचे आहेत. 'चमचा' शब्दातला पहिला च दाताशी लागतो आणि 'चहा'तला टाळूशी. तसाच 'जोर'मधला ज दाताशी आणि 'जीव'मधला टाळूशी. बेलारूसीत हे दाताशी लागणारे उच्चार भरपूर आहेत. 'इजे'मधला ज 'जोर'मधल्यासारखा म्हणा, फक्त जीभ जरा मऊ ठेवा. 'झ्वात्सा'मधला 'त्स' म्हणजे आपला 'चाक'मधला च.

दुसरी गोष्ट, 'पाव्लिन्का'मधला व ओठ न चावता म्हणा, 'गाव' म्हणताना शेवटी येतो तसा. कुपाला हे नाव उच्चारताना जोर 'पा'वर.

८. मगावरची अक्षरं रशियन आहेत की बेलारूसी, हे लिपी न येता कसं ओळखू?

तीन खुणा पुरतात. पहिली, मधेच रोमन लिपीतल्या छोट्या 'आय'सारखं, काडी आणि वर टिंब असलेलं अक्षर दिसतं का पाहा. बेलारूसीत 'इ'साठी हेच वापरतात. आजच्या रशियन लेखनात ते नाही, तिथे उलटा 'एन' असतो. दुसरी, 'वाय'सारख्या अक्षरावर वाटीसारखी छोटी चंद्रकोर दिसली तर मजकूर नक्की बेलारूसी. 'बॅट' लिहिताना आपण 'ब'वर देतो ना, अगदी तशीच ती दिसते. 'गाव'मधल्या त्या शेवटच्या व-साठी हे अक्षर आहे. बेलारूसी लोकांचं त्यावर इतकं प्रेम आहे की पोलत्स्क गावात २००३ मध्ये त्याचं स्मारक उभारलं. तिसरी खूण, शब्दाच्या मधे वर स्वल्पविरामासारखं चिन्ह.

'यान्का कुपाला' ही दोन नावं मात्र दोन्ही भाषांत सारखीच लिहितात, त्यामुळे फक्त नाव असलेल्या मगावरून काही ठरवता येत नाही. ओळ बघावी लागते. कुपालाची ओळ रशियन भाषांतरात छापलेला मग मी घेणार नाही. ज्या भाषेसाठी तो उभा राहिला तीच त्यावरून पुसलेली असते.

९. निळी फुलं आणि लाल नक्षी कशासाठी?

निळं फूल म्हणजे 'वासिल्योक', राय या धान्याच्या (मोहरी नव्हे) शेतात तणासारखं उगवणारं. बेलारूसी कवितेत ते सारखं येतं, मुख्यतः माक्सिम बाहदानोविचच्या, स्लुत्स्क गावातल्या विणकर स्त्रियांवरच्या कवितेमुळे. जमीनदाराच्या वाड्यात परदेशी नक्षीचे सोन्याचे पट्टे विणायला बसवलेली बाई भान हरपून आपल्या शेतातलं हे फूल विणते. बाहदानोविच वेगळा कवी. तो १९१७ मध्ये, ऐन पंचविशीत, क्षयाने गेला.

पांढऱ्यावर लाल भौमितिक नक्षी ही तिथल्या कापडावरच्या भरतकामातली आणि विणकामातली. नक्षीचं ठीक आहे, पण लाल-पांढऱ्या पट्ट्यांबद्दल प्रश्न १३ आधी वाचा.

१०. असा मग कुठे मिळतो?

मिन्स्कमध्ये असाल तर आधी यान्का कुपाला साहित्य संग्रहालयात जा. ते स्विस्लच नदीकाठच्या बागेत आहे, त्याच्या जळालेल्या घराच्या जागी. १९४५ मध्ये संग्रहालय सुरू झालं, तेव्हा त्याची पत्नी उलाद्झिस्लावा लुत्सेविच पहिली संचालक होती. जन्मगावी व्याझिन्कालाही त्याची शाखा आहे. मग तिथे नसला तरी पुस्तकं, पोस्टकार्डं बघायला जाणं वाया जात नाही. शहरातली पुस्तकांची आणि भेटवस्तूंची दुकानंही पाहा.

छापील मगापेक्षा तिथल्या मातीचं काही हवं असेल तर इव्यान्येत्स गावची मातीची भांडी प्रसिद्ध आहेत. त्यांवर कवी नसेल, पण वस्तू खरी तिथली असेल.

११. यातून रोज चहा घेतला तर चित्र जाईल का?

चित्र कसं छापलंय त्यावर आहे. हल्लीचे बहुतेक मग सब्लिमेशनचे असतात: पॉलिमरचा लेप दिलेल्या मगावर छापील कागद गुंडाळून साधारण १८०–२०० अंश सेल्सियसला दाबतात आणि शाई त्या लेपात मुरते. बोट फिरवलं तर कडा लागत नाही. हा मग रोज वापरा, फक्त तारेच्या घासणीने किंवा राखेने घासू नका, चरे लेपावर पडतात आणि तिथून रंग उडतो. दुसरा प्रकार डेकलचा, चित्र चिकटवून साधारण ८०० अंशांना भाजलेलं. याची कडा बोटाला किंचित लागते आणि हा जास्त टिकतो.

सोनेरी किनार असेल तर मायक्रोवेव्ह नाही, ठिणग्या उडतात. गरम चहा ओतल्यावर चेहरा उमटतो तो 'मॅजिक मग' हातानेच धुवा. आणि चहा जरूर घ्या. हा कवी मजुरांमध्ये वाढलेला, त्याला काचेच्या कपाटात ठेवायची गरज नाही.

१२. पुण्यात/नाशिकमध्ये स्वतः छापून घेतला तर चालेल का? काय सांभाळायचं?

चालेल, पण दोन गोष्टी सांभाळा: अक्षरं आणि हक्क.

अक्षरांचं आधी. मी एकदा सहा मग छापून घेतले. फॉन्टमध्ये चंद्रकोरीचं ते अक्षर नव्हतं, त्याच्या जागी रिकामा चौकोन आला आणि सहाही मगांवर तोच चौकोन छापला गेला. मजकूर वर्ड फाइलमध्ये देऊ नका, अक्षरं आउटलाइनमध्ये बदलून पीडीएफ द्या. दुसरी अडचण आणखी विचित्र आहे. सब्लिमेशनमध्ये कागदावर चित्र उलटं छापावं लागतं. 'यान्का'चं पहिलं अक्षर उलट्या 'आर'सारखं दिसतं. दुकानातल्या माणसाला वाटतं की फाइल आधीच आरशातली आहे, आणि तो चांगल्या हेतूने ती 'सरळ' करतो. म्हणून मगावर शेवटी कसं दिसलं पाहिजे त्याचा फोटो सोबत द्या आणि आधी एकच मग काढून घ्या.

आता हक्क. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क असतो. कुपाला १९४२ मध्ये गेला, म्हणजे त्याच्या मूळ कविता २००३ पासून इथे मोकळ्या आहेत. कोलसच्या २०१७ पासून. पण याच पदवीचे सगळे कवी मोकळे नाहीत: माक्सिम तांक १९९५ मध्ये गेला, रिहोर बारादुलिन २०१४ मध्ये. त्यांच्या ओळींना परवानगी लागेल. भाषांतराचा हक्क भाषांतरकाराचा वेगळा असतो, फोटोचा फोटोग्राफरचा आणि चित्राचा चित्रकाराचा. नेटवर सापडलेलं सुंदर रेखाचित्र कालच कुणीतरी काढलेलं असू शकतं. घरच्या एका मगासाठी कुणी मागे लागणार नाही, पण विकायला काढणार असाल तर चित्र स्वतः काढा किंवा काढून घ्या.

मराठी ओळ हवी असेल तर प्रश्न ६ मधली 'माणूस म्हणवून घेणं' ही माझी आहे, खुशाल छापा.

१३. पांढरा-लाल-पांढरा झेंडा असलेला कुपालाचा मग मिळालाय. बेलारूसला जाताना नेऊ का?

नेऊ नका. तो झेंडा १९९१ ते १९९५ या काळात देशाचा अधिकृत झेंडा होता. १९९५च्या सार्वमतानंतर तो बदलला. २०२०च्या निवडणुकीनंतरच्या आंदोलनांत लोकांनी तोच हाती घेतला आणि तेव्हापासून तो दाखवल्याबद्दल तिथे लोकांना पकडलं गेलं आहे. मगावर असला तरी धोका तोच. तिथे राहणाऱ्या कुणाला असा मग पार्सलने पाठवणं तर त्याहून वाईट, कारण त्रास त्यांना होईल.

कुपालाचं नावही या सगळ्यापासून दूर राहिलेलं नाही. २०२०च्या ऑगस्टमध्ये त्याच्या नावाच्या नाट्यगृहाच्या संचालकांना काढलं गेलं, तेव्हा बहुतेक नटमंडळींनी राजीनामे दिले आणि 'कुपालाउत्सी' या नावाने वेगळं काम सुरू केलं. त्यांनी कुपालाचं 'तुतेयशिया' (इथले लोक) हे नाटक केलं. तेच नाटक सोव्हिएत काळात बंद पाडलं गेलं होतं.

नुसता चेहरा, नुसती ओळ, निळी फुलं यांना अडचण नाही. भारतात घरी कुठलाही मग ठेवा.

१४. मुलगी ग्रोद्नोला एमबीबीएसला आहे. तिच्या मगावर 'यान्का कुपाला विद्यापीठ' आहे, पण तिचं कॉलेज तर वेगळं. फसवणूक झाली का?

नाही. ग्रोद्नोत दोन्ही आहेत. यान्का कुपालाच्या नावाचं राज्य विद्यापीठ हे सर्वसाधारण विद्यापीठ आहे. भारतीय मुलं डॉक्टर व्हायला जातात ते वैद्यकीय विद्यापीठ वेगळं. मुलीने तो मग गावातून आवडला म्हणून घेतला असेल. त्यावर बहुधा विद्यापीठाचं बोधचिन्ह असेल, कविता नसेल. तसंच 'कुपालाउस्काया' लिहिलेला मग मिन्स्कच्या मेट्रो स्थानकाचा.

१५. तिथून पार्सलने मागवला तर कस्टम लागेल का?

लागू शकतं. परदेशातून भेट म्हणून येणाऱ्या छोट्या पार्सलना पूर्वी ५,००० रुपयांपर्यंत सूट होती, ती डिसेंबर २०१९ मध्ये काढली. त्यामुळे पाकिटावर 'गिफ्ट' लिहून उपयोग नाही, खरी किंमत लिहायला सांगा. येणाऱ्या कुणाच्या बॅगेत एक-दोन मग येणं सगळ्यात सोपं. मगाच्या आत मोजे कोंबा, बाहेरून स्वेटर गुंडाळा आणि कान आतल्या बाजूला ठेवा. मला आलेल्या तक्रारींत तुटलेला भाग जवळजवळ नेहमी कानच असतो.

१६. कान तुटला. फेविक्विकने जोडून वापरू का?

चहासाठी नको. गरम पाण्याने जोड सुटतो आणि उकळता चहा अंगावर येतो. डिंक आतल्या बाजूला गेला असेल तर तो पोटातही जायचा. कान काढून टाका, तुटलेल्या जागा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा आणि पेनं ठेवायला वापरा. ओळ कुठे खंडित झाली असेल तर मला फोटो पाठवा. राहिलेल्या अक्षरांवरून पूर्ण ओळ आणि तिचा अर्थ लिहून पाठवीन.